भेंडी, आमसूल आणि ग्रीक कोंबडी

संगमेश्वरात कोंबडी शिजली की सोबत वडे आलेच, टम्म फुगलेले आणि रश्श्यात बुडवायचे. वडे नसले तर भात. म्हणून कमी कर्बोदकांचे जेवण म्हटले की इथला माणूस आपल्या ताटाकडे संशयाने बघतो आणि उतारा शोधतो तो थेट भूमध्य समुद्राकाठी: ऑलिव्ह तेल, ओरेगॅनो, लिंबू लावून ओव्हनमध्ये भाजलेली कोंबडी. पण कोंबडीच्या मांसात कर्बोदके जवळजवळ नसतातच, मग ती ग्रीसच्या क्रीट बेटावरची असो की इथल्या शास्त्री नदीकाठची. हिशेब बिघडवतो तो तिचा शेजारी. 100 ग्रॅम भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके असतात. ग्रीक घरातही असा शेजारी असतो; तिथे कोंबडीबरोबर त्याच ट्रेमध्ये बटाटे भाजतात, आणि वर पाव. 1958 साली अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी सुरू केलेल्या, आहार आणि हृदयविकाराच्या सात देशांतल्या अभ्यासात क्रीटचा आहार नावाजला गेला, त्यातही पाव भरपूर होता आणि मांस बेताचे. ग्रीकांचा बटाटा वगळायला आपण कचरत नाही, मग आपलाच वडा वगळताना का कचरावे?

ग्रीकांकडून घ्यायची ती रीत, सामान नव्हे. बटाट्याऐवजी ते पुष्कळदा कोंबडीबरोबर भेंडी घालतात, आणि तिचा चिकटपणा जावा म्हणून आधी तिला व्हिनेगर चोळून ठेवतात. आपण भेंडीत आमसूल टाकतो ते याच कारणाने. ओरेगॅनोचा वास ज्या कार्व्हाक्रोलमुळे येतो, ते कुंडीतल्या पानओव्यातही असते. तेव्हा लिंबू, लसूण, मिरी आणि चुरडलेला पानओवा लावून कोंबडी मुरवावी, खाली भेंडी, टोमॅटो, वांग्याच्या फोडी आणि दोन आमसुले पसरावीत, नि 200 अंशांवर पाऊण तास भाजावी. पाणी घालायचेच नाही. टोमॅटोचा रस आणि कोंबडीची चरबी एकत्र येऊन तळाशी दाट आंबट रस उतरतो, वरची कातडी तांबूस होऊन कुरकुरते. बिनपाण्याची ही भाजणी कोकणाला नवी नाही. रायगडातली पोपटी मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यावर अशीच शिजते.

कोणी म्हणेल, भाताशिवाय पोट भरत नाही. चिखलात दिवसभर लावणी करणाऱ्याच्या बाबतीत ते खरेच आहे, त्याचा भात काढू नये. पण खुर्चीत दिवस गेलेल्याला तेवढ्या इंधनाची गरज नसते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारूनच भात कमी करावा, नाहीतर साखर एकदम उतरू शकते. दुसरा आक्षेप तेलाचा: ऑलिव्ह नाही तर गुण कुठला? शेंगदाणा तेलातही ऑलिव्हसारखेच ओलेइक आम्ल मुबलक असते. नारळाचे दूध चवीला श्रेष्ठ, पण त्यातली चरबी बहुतांशी संपृक्त, म्हणून रोज नको. राहिला चवीच्या निष्ठेचा प्रश्न. गटारीला वडे तळावेतच; सणाचे जेवण सणाला शोभते. एरवीच्या रात्री तोच वडा केवळ सवयीने ताटात येत असेल, तर त्याला परंपरेचे नाव देऊ नये.