बांधाबांध

शाळेचे बँडपथक परगावी निघाले, की बांधाबांधीचे शास्त्र वाद्यांपासून शिकावे. दोरीचा ढोल ताणलेला नेत नाहीत. दोऱ्या सैल करतात, वाजवण्यापूर्वी पुन्हा आवळतात. कातडे ओलसर हवेत ढिले पडते, म्हणून ते कोरड्यात ठेवायचे.

हे सारे यादीप्रमाणे होते. पण ‘पांढरे कॅनव्हासचे बूट’ या ओळीशी एखादा मुलगा हमखास थबकतो. विचारीत काहीच नाही. नुसता आपल्या चपलांकडे पाहतो. म्हणून माझ्या पिशवीच्या तळाशी ५ आणि ६ नंबरचे जोड असतात. वापरलेलेच, नव्या बुटांना उपकाराचा वास येतो. ‘शाळेचे आहेत रे, घाल,’ एवढेच म्हणायचे.

ढोल काय, मुक्कामी पोहोचल्यावर आवळता येतो. मुलाची मान मात्र घरापासूनच ताठ हवी.