जरीच्या काठाची कैफियत

नंदुरबारहून रेल्वेने सुरतेस माझ्याकडे आलेल्या आत्याने नातीच्या साखरपुड्यासाठी रिंग रोडवरील एका दुकानातून ‘अस्सल जरीची’ म्हणून घेतलेली साडी, एकदाही अंगाला न लागता, महिन्याभरात पेटीतच काठाशी काळवंडली, तेव्हा ती साडी व पावती घेऊन आत्या पुन्हा सुरतेस आली आणि साक्षीदार म्हणून मी तिच्यासोबत त्या दुकानाची पायरी चढलो.

“मासी, जर काळी नाही, दिव्याचा उजेड कमी आहे,” असे दुकानदार आपल्या गुजरातीत म्हणाला. आम्ही साडी दारात उन्हात नेली. तेव्हा उजेड जास्त झाल्याचे त्याने सांगितले. सुरतेची जर शतकानुशतके नावाजलेली आहे. रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिला, की ती अस्सल, आणि चांदीच्या जागी तांबे आले, की ती नकली. नकली जर नकली म्हणून विकण्यात काडीचाही अपराध नाही. अपराध नाव बदलण्यात आहे. आत्याने रुमालाचे टोक ओले करून काठावरून फिरवले व दुकानाच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर टेकवले. तेथे बोटभर काळसर डाग उमटला. दुकानदाराने तो बराच वेळ न्याहाळला आणि अत्यंत गांभीर्याने निर्णय दिला, “हा डाग गादीचाच आहे.”

शेवटी तो म्हणाला, की असला काळा काठ हल्ली ‘अँटिक’ म्हणून चढ्या भावाने जातो, तरी फरकाचे तीनशे रुपये तो आमच्याकडून मागणार नाही!

त्या वर्षी आमच्या उधन्यातील सोसायटीच्या गणेशोत्सवात हा प्रसंग आम्ही प्रहसन म्हणून सादर केला, तो एकही वाक्य न वाढवता. ‘डाग गादीचाच’ या वाक्यावर प्रेक्षक इतके हसले, की आत्याची भूमिका करणाऱ्या मुलीला थांबून राहावे लागले. पुढे वाचनात आले, की ७ डिसेंबर १९६९ रोजी बीबीसीवर प्रथम दाखवलेल्या मेलेल्या पोपटाच्या प्रसिद्ध प्रहसनाचे मूळही असेच आहे: त्यात दुकानदार झालेल्या मायकेल पेलिन यांना मोटारीतील कोणताही दोष कबूल न करणारा एक गॅरेजवाला प्रत्यक्ष भेटला होता. लंडन असो वा उधना, डोळ्यांना दिसणारी गोष्ट तोंडावर नाकारली गेल्याचा अपमान प्रत्येकाने कधी ना कधी गिळलेला असतो. चारचौघांत त्यावर हसता आले, की तो अपमान आपल्या एकट्याचा उरत नाही, आणि पुढच्या वेळी दाद मागण्याचे बळ येते. हे हास्याचे फार मोठे कार्य आहे, असे मी मानतो.

आत्याला मात्र पैसे परत मिळाले, ते हास्यामुळे नव्हे. ‘अँटिक’चा युक्तिवाद संपल्यावर तिने शांतपणे पावती गादीवर ठेवली; तिच्यावर दुकानदाराच्याच हस्ताक्षरात ‘अस्सल जर’ असे दोन शब्द होते, आणि त्या दोन शब्दांपुढे त्याला बोलण्यासारखे काही उरले नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ पासून आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक आयोग आहेत. परंतु तेथेही प्रथम पुरावाच विचारला जातो. म्हणून वाचकांना एवढेच सांगणे, की खरेदी लहान असो वा मोठी, पावती घ्या, आणि माल कोणता म्हणून दिला, ते तिच्यावर लिहून घेतल्याखेरीज दुकानाची पायरी उतरू नका.