काळा बिंदू

काळ्या रंगाला अशुभ ठरवण्याची आपल्याला भारी घाई असते. संक्रांतीला आपण हौसेने काळी चंद्रकळा नेसतो, बाळाच्या गालावर तीट लावतो, ते मात्र वेगळे! आमच्या जवळा बाजारचे तर सारे पोटच काळ्या मातीवर चालते. तरीही नवरात्रात शेजारच्या वहिनी डोकावल्या आणि भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, दादांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. हा काळा गोळा कशाला टांगलाय घरात?"

तो काळा गोळा म्हणजे सय्यद हैदर रझांच्या 'माँ' या १९८१ सालच्या चित्रातला बिंदू. माझ्या भाच्याने त्याची छापील प्रत पाठवली. रझा मंडला जिल्ह्यातले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि १९५० साली फ्रान्सला गेले. लहानपणी या पोराचे चित्त ठरेना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितले. तोच ठिपका पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या चित्रांत परत आला. या चित्रावर तर त्यांनी अशोक वाजपेयींच्या कवितेतली एक ओळ नागरीत लिहिली आहे. दूर गेलेला मुलगा त्यात आईला विचारतो, की परतताना काय आणू?

जाणकार सांगतात, हा बिंदू म्हणजे शून्यही आणि बीजही. शून्य म्हणजे संपले, बीज म्हणजे सुरू झाले; एकाच वर्तुळात दोन्ही कसे मावावे? मला ते हळदीमुळे उमगते. ज्येष्ठात लावलेला गड्डा नऊ महिने जमिनीत राहतो. काढणीला खणले की पिवळ्याधमक नव्या हळकुंडांमध्ये तोही हाती लागतो, सुरकुतलेला, काळवंडलेला. त्याला सोरा गड्डा म्हणतात. तो पुन्हा टवटवीत होत नाही. त्याचे जे व्हायचे ते त्याच्या कडेने झालेले असते.

पुनर्जन्माची चित्रे पुष्कळ असतात. उगवता सूर्य, उमललेले कमळ! ती सांत्वनाची फार घाई करतात, असे मला वाटते. रझांचा काळा रंग काळाच राहतो. दादा परत येतील असे हे चित्र म्हणत नाही. म्हणाले असते तर मीच ते उतरवले असते. खुद्द रझा मात्र साठेक वर्षांनी मायदेशी परतले, २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी विसावले. आईला विचारलेल्या त्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर नेले असेल, कोण जाणे.

यंदाची हळद दादांनीच लावली होती. श्रावणात ते गेले. आता पीक कमरेच्या वर आले आहे, आणि पाणी द्यायला गेलो की पानांचा तो उग्र, ओला वास अंगरख्याला चिकटून घरापर्यंत येतो. घरात यंदा तळण नाही, पण हा वास असतो. फाल्गुनात काढणी निघेल. मजूर लावावेच लागतील. पहिली सरी मात्र मी स्वतः खणणार आहे.