एका शेऱ्याची गोष्ट

उभे आयुष्य वह्या तपासण्यात गेल्यामुळे ‘तपासणी’ हा शब्द ऐकला की आमचे कान टवकारतात. बेंगळुरूला प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करणारी आमची पुतणी दिवाळीला इंदूरला आली. काम अर्थातच लॅपटॉपमधून बरोबर आले होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने केलेला बदल तिच्याकडे तपासणीस होता. शेकडो लोकांना फायली पुरवणारा त्यांचा प्रोग्राम डिस्कवरून वाचताना मध्येच खोळंबे आणि त्याच्यामागे सारेच खोळंबत. म्हणून त्या गृहस्थांनी फाइल उघडतानाच ‘ओ-नॉनब्लॉक’ ही खूण लावली होती. चाचणीही उत्तीर्ण झाली होती.

“काका, या बदलाने काहीच होत नाही,” ती म्हणाली.

वाचकहो, शाळेच्या कचेरीत टीसीसाठी रांग लागते, तेव्हा दाखिल-खारिज रजिस्टर टेबलावर असले तर बाबूजी क्षणात नोंद काढून देतात. जुने असले तर ते दफ्तराच्या खोलीत जातात आणि रांग तिष्ठत राहते. लिनक्सही नुकतीच वाचलेली पाने मेमरीत, म्हणजे टेबलावर, ठेवतो. सॉकेटला ही खूण लावली की माहिती आलेली नसल्यास ‘आत्ता नाही’ असे उत्तर तत्काळ मिळते; डिस्कवरील साध्या फाइलवर मात्र तिचा काही परिणाम होत नाही. चाचणीतली फाइल नुकतीच लिहिलेली, म्हणजे टेबलावरचीच. मग खोळंबा दिसावा कोठून? पुतणीने ती जागा रिकामी करून पुन्हा चाचणी घेतली. खोळंबा दिसला.

उपाय तिला ठाऊक होता. २०१७ सालच्या लिनक्स ४.१४ पासून ‘प्रीड-व्ही-२’ला ‘नोवेट’ ही खूण देता येते: टेबलावर असेल तेवढेच मिळते, काहीच नसेल तर नकार, मग ते काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवायचे.

अडचण निराळीच होती. त्या गृहस्थांच्याच हाताखाली ती शिकली, आणि तिच्या वार्षिक मूल्यमापनावर सहीही त्यांचीच. दोनदा शेरा लिहून तिने खोडला. “मंजूर करून टाकू का?” तिने विचारले. आम्ही म्हणालो, “शेरा ओळीवर लिही, माणसावर नको, आणि दोन्ही चाचण्यांचे आकडे जोड.”

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा बदल तिच्याच नावे तपासणीस आला. मागितल्यापेक्षा कमी मजकूर मिळाला की फाइल संपली, असे त्यात गृहीत धरलेले तिला आढळले. या वेळी शेरा लिहिण्यापूर्वी तिने आम्हांस विचारले नाही.