डोक्यावरची होडी

ज्या होडीत बसून तळे ओलांडायचे, तीच होडी पलीकडच्या काठावर डोक्यावर घेऊन रानातून चालू लागायचे, हा प्रवासाचा प्रकार आम्हां बडोदेकरांना सर्वस्वी नवा होता. सूरसागरच्या कठड्याशी बसून शेंगा खाव्यात, एवढीच आमची पाण्याशी हौसेची ओळख. दुसरी ओळख 2024 च्या ऑगस्टात झाली. विश्वामित्रीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले, आणि टोरांटोत बसलेल्या आमच्या कन्येने ते फोनवर पाहिले. तेव्हापासून तिचा एकच प्रश्न होता : घर बंद करून इकडे कायमचे कधी येता? आम्ही उभयतांनी त्याचे उत्तर दिले नव्हते.

सप्टेंबरअखेरीस तिच्याकडे गेलो असता तिने आम्हांला अल्गोंक्विन उद्यानात नेले. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कमाटीबाग येते. हे मात्र ऑन्टारिओ प्रांताने 1893 साली राखून ठेवलेले, साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठे अरण्य आहे. आत असंख्य तळी, आणि तळ्यातळ्यांमध्ये जमिनीचे पट्टे. सामानासह हे पट्टे पायी ओलांडणे म्हणजे ‘पोर्टेज’. शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ, वाहून नेणे.

कनू नावाची ती होडी याच गरजेतून घडली. येथील आदिवासी ती भूर्जाच्या सालीची करीत. ज्या भूर्जाच्या सालीवर आपल्या काश्मिरी पंडितांनी पोथ्या लिहिल्या, त्याच्या जवळच्या नात्यातल्या झाडाची साल. आतून सीडरच्या लाकडाच्या फासळ्या, शिवण मुळांच्या दोऱ्यांची, आणि सांधे राळेने लिंपलेले. तरंगावी म्हणून तर खरेच, पण माणसाला उचलता यावी म्हणूनही ती हलकी. आमची भाड्याची कनू आधुनिक धाग्यांची, सुमारे 20 किलो वजनाची होती.

कनू लेकच्या धक्क्यावरून सकाळी निघालो. कन्या मागे बसून दिशा सांभाळीत होती, पुढे एकजण वल्हे मारीत होते आणि मधे एकजण थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. काठचे मेपल लाल झाले होते. टॉम थॉमसन हा चित्रकार 1917 साली याच तळ्यात मृत्यू पावला. त्याची रिकामी कनू आधी सापडली, देह आठवड्याभराने. काठावर त्याच्या स्मरणार्थ दगडी चौथरा आहे. ही हकीकत कन्येने तळ्याच्या मध्यावर सांगितली. तिची वेळेची निवड आम्हांला विशेष रुचली नाही.

तळ्याच्या उत्तर टोकाला पिवळी पाटी होती : 295 मीटर. येथून बंधाऱ्याला वळसा घालून जो लेककडे जायचे. कन्येने होडी आधी मांडीवर घेतली आणि एका हिसक्यात उलटी करून डोक्यावर चढविली. मधल्या आडव्या लाकडाला खांद्यांच्या मापाची खाच असते. आपल्याकडे बैलाच्या मानेवर असते तेच जू. आमच्यापैकी ज्यांना स्वतःच्या खांद्यांचा अजून अभिमान आहे, ते मदतीला धावले.

“बाबा, एकटीला सोपं जातं. तुम्ही वल्ही आणा.”

आम्ही वल्ही आणि पिशव्या घेऊन मागून निघालो. पुढे होडीखालून दोन पाय तेवढे चालताना दिसत होते. “श्रावणबाळाच्या कावडीत आईबाप तरी होते. इथे कावड खांद्यावर आणि आईबाप पायी!” असे आमच्यातील एकजण पुटपुटली. होडीच्या आतून हसण्याचा आवाज आला. त्या पायांना चिखल कोठे टाळावा, मुळावर टाच कशी रोवावी, हे ठाऊक होते. हे सारे तिने कधी शिकून घेतले, याची आम्हांला वार्ताही नव्हती.

जो लेक आरशासारखा होता. लून पक्ष्याचा रडका, लांबट सूर ऐकत थालीपिठे खाल्ली. लोणचे तिने आदल्या रात्रीच काचेच्या बरणीतून काढून डबीत भरले होते. अरण्यात टाकाऊ डबे-बाटल्या नेण्यास मनाई आहे. तो प्रश्न त्या दिवशी तिने काढला नाही. आम्ही मात्र वाट पाहत होतो.

परतताना कनू लेकवर समोरून वारा उठला. लाटा काठावरून आत शिंतडू लागल्या. “आई, खाली तळाशी बस. बाबा, वल्हं थांबवू नका, काहीही झालं तरी,” एवढेच ती म्हणाली, आणि होडी काठाच्या आडोशाने घेऊ लागली. आम्ही निमूटपणे ऐकले. तिच्या लहानपणी स्कूटरवर आम्ही तिला असेच हुकूम सोडीत असू. धक्का यायला तासभर लागला.

मोटारीत बसल्यावर हात शेकता शेकता आम्ही आपण होऊनच सांगितले : घर बंद करणार नाही. मात्र दरवर्षी पावसाळ्याचे चार महिने तुझ्याकडे. जूनमध्ये येऊ.

ती बराच वेळ काही बोलली नाही.

“जूनमध्ये इथे डास फार असतात,” ती म्हणाली, आणि तिने मोटार सुरू केली.