शेरेबुक

मराठी शाळेत शिकलेल्या जुन्या मंडळींना ‘डिप्टी’ हा शब्द ऐकताच ताज्या चुन्याचा वास आठवत असेल. माझी नोकरी मध्य प्रदेशात झाली. तेथे ‘मुआयना’ म्हणतात. वास मात्र तोच.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर प्रांतोप्रांती शिक्षण खाती आली, निरीक्षक आले. मुंबई इलाख्यात पुढे परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरू लागले आणि तपासणी थेट शाळेच्या पोटाशी जोडली गेली. निरीक्षकाला ‘शैक्षणिक सल्लागार’ म्हणावे, असे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाला वाटले होते. कोठारी आयोगाने प्रशासकीय तपासणी आणि शैक्षणिक मार्गदर्शन वेगळे करण्यास सांगितले. असो.

दिवसाकाठी चार-पाच शाळा पाहायच्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला वीस मिनिटे येतात. तेवढ्यात हजेरीपट, धान्याचा साठा आणि मध्यान्ह भोजनाची वही पाहून होते. मूल वाचते कसे, हे कळायला त्याच्याजवळ बसावे लागते. म्हणून आम्ही मोजता येईल ते तपासतो आणि शिक्षक तपासले जाईल ते सांभाळतात. याला मी लबाडी म्हणणार नाही.

एका दोनशिक्षकी शाळेत सहशिक्षक मतदारयादीच्या कामावर गेलेले होते. पाचही वर्ग एकट्या मुख्याध्यापिकेकडे. हजेरीपट दोन दिवस मागे राहिला होता. माझ्याबरोबरच्या अधिकाऱ्याने, वयाने मोठ्या असलेल्या त्या बाईंना ‘तुम’ म्हणत, मुलांदेखत निलंबनाची भाषा सुरू केली. बाईंचे हात थरथरत होते, आवाज नव्हे. त्या म्हणाल्या, “साहेब, हे मी संध्याकाळी पुरे करते. आधी तिसरीचे वाचन ऐका.”

ऐकले. घरात कोणी अक्षर न गिरवलेली मुले, न अडखळता वाचत होती. शेरेबुकात मी प्रथम तेच लिहिले, हजेरीपटाविषयी नंतर एक ओळ. कारणे दाखवा नोटिशीचा प्रस्ताव माझ्याकडे आला, तो मी दप्तरी दाखल केला. तरी ती गोष्ट तालुकाभर पसरली होतीच. नोटीस निघाली नाही हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

सहा महिन्यांनी पुन्हा गेलो. टेबलावर सगळ्या वह्या कव्हरे घालून, ओळीने मांडलेल्या. मी म्हटले, “बाई, तिसरीचे वाचन ऐकू या.”

त्या गडबडल्या. म्हणाल्या, “ऐकाल, साहेब. आधी रजिस्टरे पाहून घ्या.”