तळहाताएवढीं चित्रें

आमच्या शाळेंत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं 'टर्न युअर आईज अपॉन जीझस' हें इंग्रजी गीत वरचेवर म्हटलें जातें. पेटीचे सूर लागले कीं पांचवीचीं मुलेंही, अर्थ पुरता न समजतां, तें चालीवर म्हणूं लागतात. हेलन लेमेल या बाईंचें हें गीत १९२२ सालीं एका गीतसंग्रहांत प्रसिद्ध झालें. परंतु तें त्यांना सुचलें एका लहानशा पत्रिकेवरून. त्या पत्रिकेच्या आरंभीं एका झाडींतल्या सकाळचें वर्णन आहे. अंधाऱ्या कोपऱ्यांत, झाडांच्या बुंध्यांपाशीं, डँडेलियनचें एक अर्धवट सुकलेलें पिवळें फूल होतें. ऊन त्यावर पडतांच तें ताऱ्यासारखें झळकूं लागलें, एवढीच हकीकत. सुकत आलेल्या रानफुलाकडे इतक्या निरखून पाहणारी ही लेखिका कोण, असें कुतूहल गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हांस वाटलें. शोध घेतां ती मुळांत चित्रकर्त्री निघाली.

लिलिअस ट्रॉटर यांचा जन्म १८५३ सालीं लंडन येथें एका सधन कुटुंबांत झाला. त्या बारा वर्षांच्या असतांना वडील वारले. चित्रकला त्या बहुतांशीं आपल्या आपणच शिकल्या. १८७६ सालीं मायलेकी व्हेनिसला गेल्या असतां जॉन रस्किन हेही तेथेंच उतरले आहेत असें कळलें, आणि आईनें मुलीचीं चित्रें पाहाल काय, अशी चिठ्ठी त्यांच्याकडे धाडली. कलेच्या बाबतींत रस्किन यांचा शब्द त्या काळीं इंग्लंडांत वेदवाक्यासारखा मानला जाई. आमच्या वाचकांस त्यांची ओळख दुसऱ्या एका नात्यानें असेल: 'अन्टु धिस लास्ट' या ज्या पुस्तकाचा गांधीजींनीं 'सर्वोदय' या नांवानें गुजराती सारांश केला, तें त्यांचेंच. रस्किन यांनीं काहींशा कुरकुरतच होकार दिला, हें त्यांनीं स्वतः पुढें प्रांजळपणें सांगितलें आहे. थोर माणसांकडे आया मुलांचीं चित्रें धाडीतच असतात. त्यांचा कंटाळा आम्ही समजूं शकतों. परंतु चित्रें पाहिल्यावर तो कंटाळा टिकला नाहीं. त्यांनीं त्या तरुणीस शिष्या केलें, आणि पुढें १८८३ सालीं ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत तिच्या नॉर्वेच्या प्रवासांतील चित्रवहीचीं पानें विद्यार्थ्यांपुढें नमुना म्हणून ठेविलीं.

त्यापूर्वींच, १८७९ च्या मे महिन्यांत, ब्रँटवुड येथील आपल्या घरीं रस्किन यांनीं त्यांना स्पष्ट विचारलें होतें. तुम्ही सर्वस्व कलेला वाहाल, तर हयात असलेल्या चित्रकारांत श्रेष्ठ व्हाल आणि अमर राहील असें काम तुमच्या हातून होईल, अशा आशयाचें तें बोलणें होतें. बाईंचें वय त्या वेळीं पंचवीस. लंडनांत कष्टकरी मुलींच्या वसतिगृहाचें काम त्यांनीं हातीं घेतलें होतें; रात्रीं व्हिक्टोरिया स्टेशनाच्या आसपास निराधार बायांना शोधीत त्या हिंडत. कांहीं दिवस त्यांची जिवाची तगमग झाली, आणि मग त्यांनीं नकार दिला. चित्रकलेला सर्वस्व देणें आणि देवाचें काम प्रथम ठेवणें या दोन्ही गोष्टी आपल्याच्यानें एकदम होणार नाहींत, हें त्यांचें कारण. १८८८ सालीं त्या अल्जीर्सला गेल्या. हृदय अशक्त म्हणून मिशनानें त्यांना पाठविण्याचें नाकारलें होतें. त्या आपल्या पैशानें गेल्या आणि तें अशक्त हृदय घेऊन तेथें चाळीस वर्षें राहिल्या. १९२८ च्या ऑगस्टांत त्या तेथेंच वारल्या.

येथपर्यंतची हकीकत वाचून आम्हांस, खरें सांगावयाचें तर, एक गोड समाधान वाटलें होतें. त्याचें कारण आमच्या स्वतःच्या आयुष्यांत आहे. आम्ही नववींत असतां इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा चांगल्या श्रेणींत उतरलों होतों, आणि आमचे ड्रॉइंगचे सर वडिलांना भेटण्यासाठीं मुद्दाम एस. टी.नें गांवीं आले होते. मुलाला मुंबईस जे. जे. स्कूलमध्यें घाला, असें त्यांचें म्हणणें. वडिलांपाशीं पैसा नव्हता. मिशनची शिष्यवृत्ति होती ती बी. ए. आणि नंतर बी. एड. साठीं. आम्ही शिक्षक झालों. तेव्हांपासून कोणीं विचारिलें, तर आम्हीं कला सेवेसाठीं सोडली, असें आम्ही हंसत सांगत आलों आहों. ट्रॉटरबाईंच्या चरित्रांत आम्हांस आपलें चित्र दिसलें, तें असें.

मग आम्हीं त्यांच्या रोजनिश्यांतील पानें पाहिलीं. अलीकडे त्यांच्या चित्रांचीं पुस्तकें निघालीं आहेत, २०१५ सालीं त्यांच्यावर एक चित्रपटही निघाला. त्यामुळें पूर्वीं थोड्यांनाच पाहावयास मिळालेलीं तीं पानें आज कोणासही पाहतां येतात. तीं पाहून आमचें समाधान उडालें. कारण बाईंनीं चित्रें काढणें सोडलेंच नव्हतें!

रोजनिशींतील बारीक अक्षरांच्या ओळींमध्यें, कडेला, कोठें तळाशीं, दोन-तीन इंचांचीं जलरंगचित्रें आहेत. अल्जीर्सच्या कसबा वस्तींतील बोळांच्या पायऱ्या, बुरखा घेतलेल्या बाया, वाळूच्या टेकड्यांवर सांजवेळीं उतरलेला जांभळा रंग, दूर रांगेनें चाललेले उंट. आणि फुलें, काटे, बीं. 'पॅरेबल्स ऑफ द क्रॉस' या त्यांच्या छोट्या पुस्तकांत वनस्पतींचींच चित्रें आहेत. फुलें ताजीं व टवटवीतच निवडावीं, असा बहुतेक चित्रकारांचा शिरस्ता. या बाईंचें लक्ष मात्र पाकळ्या गळल्यावर देंठावर काय उरतें, तिकडे अधिक. डँडेलियनचा बियांचा पांढरा गोल वाऱ्यानें कसा विस्कटतो, सुकल्या बोंडाला चीर कशी पडते, हें त्यांनीं डोळ्यांत तेल घालून पाहिलें आहे.

ज्यांनीं जलरंग हाताळले आहेत त्यांना यांतली अवघड गोष्ट लगेच कळेल. या रंगांत उजेड कागदाचाच असतो. जेथें पांढरें पाहिजे तेथें कागद कोरा राखावयाचा. एकदां रंग लागला कीं मागें फिरणें जवळजवळ नाहींच. कोरड्या हवेंत तर रंगाचा हात फिरवितां फिरवितां त्याची कड वाळते व डाग उमटतो. एप्रिलांत आमच्याकडे हा अनुभव येतो, मग वाळवंटाच्या कडेस काय होत असेल! मोठा कागद घेतला तर अर्धें आकाश वाळून बसावयाचें. तळहाताएवढें चित्र मात्र रंग ओला असतांनाच पुरें करतां येतें. शिवाय त्यास खोली लागत नाहीं, घोडी लागत नाहीं. उंट उभा राहीपर्यंतचा वेळ असला तरी पुरे. आकार लहान झाला तो दिवसांत मोकळीक लहान होती म्हणून. नजर मात्र तीच राहिली, जिची रस्किन यांनीं वाहवा केली होती.

म्हणजे त्यांनीं सोडलें काय? मोठा कॅनव्हास, प्रदर्शनें, नांव. आम्हीं काय सोडलें? प्रदर्शनें आणि नांव आमच्यापुढें कधीं आलींच नव्हतीं. आम्हीं सोडलें तें पाहणें. उत्तरपत्रिका होत्या, घर होतें, हें खरें. परंतु त्या बाईंना घर, आजारी माणसें, दारावरची माणसांची रीघ आणि भलत्या वेळीं दगा देणारें हृदय एवढें सगळें होतें. 'सेवेसाठीं' हा शब्द आम्हीं आळसावर पांघरूण म्हणून घातला होता, असें म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं.

तरीही रस्किन चुकले, असें आमच्यानें म्हणवत नाहीं. तीं इवलीं पानें पाहतांना, या हातानें सहा फुटांवर काय केलें असतें, हा विचार मनांतून जात नाहीं. कांहीं तरी खरोखरच हरवलें. बाईंना ती वेदना होती. त्या वेदनेस त्यांनीं गोड नांव दिलें नाहीं, म्हणूनच त्यांच्यावर आमचा विश्वास बसतो.

सुटी संपल्यावर एका शनिवारीं, अर्धी शाळा सुटल्यानंतर, आम्हीं जुनी रंगांची पत्र्याची पेटी शाळेंत आणिली. वड्यांना तडे गेले होते, हिरवा तर भुगा झाला होता. पिवळा मात्र पाणी लागतांच सुटला. डँडेलियन आपल्याकडे कोठलें? पण कुंपणाच्या भिंतीशीं एकदांडी वाटेल तेवढी आहे. पडून गुडघा फुटला कीं मुलें जिचा पाला चुरगाळून लावतात ती, दगडीपाला. तीही सूर्यफुलाच्या कुळांतली, म्हणजे डँडेलियनची दूरची भावंडच. म्हातारें बीं तसेंच पिसांवर बसून उडतें. पायरीवर बसून, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, आम्हीं एक तासिकाभर तें एकच फूल काढीत होतों.

सातवींतला एक मुलगा फुटबॉल घेऊन आला आणि पाठीशीं उभा राहिला. गेल्या वर्षीं त्याच्या भूमितीच्या वहींत साळुंक्या काढलेल्या सांपडल्या, तेव्हां आम्हीं त्यांवर लाल पेनानें मोठी फुली मारिली होती. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "सर, ह्याच्या पाकळीला टोकाला तीन दांत असतात. तुम्ही गोल काढल्यात."

आम्हीं फूल डोळ्यांजवळ नेऊन पाहिलें. तीन होते.

आम्हीं सरकून त्यास पायरीवर जागा दिली व ब्रश त्याच्या हातीं दिला. त्यानें आधीं ब्रशाचें टोक जिभेवर लावून बारीक केलें, आणि ही संवय वाईट, हें सांगावयाचें आम्ही विसरलों.